वाट पाहण्याचीही मजुरी असते

पवित्र कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नाव 'अल-मुतफ्फिफीन' आहे. मापात मारणारे, असा त्याचा अर्थ. इतरांकडून घेताना माप पुरेपूर भरून घेणारे आणि स्वतः देण्याची वेळ आली की माप वा वजन घटवणारे यांच्या सर्वनाशाचा इशारा अल्लाहने या सूरहच्या आरंभीच दिला आहे. ही वचने ऐकली की आपल्या डोळ्यांपुढे तराजू आणि धान्याची पायली येते. आपले दुकान नाही, म्हणजे हा इशारा आपल्यासाठी नाही, असे आपण मनोमन ठरवून टाकतो. परंतु आपल्या पूर्वजांनी या शब्दाचा अर्थ इतका आखूड केलेला नव्हता. अस्रच्या नमाजला न आलेल्या एका माणसाला ह. उमर (रजि.) यांनी हाच शब्द ऐकवला होता, असे इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'त नमूद आहे, आणि तेथेच इमाम मालिक (रह.) सांगतात की, पुरे माप आणि तूट या दोन्ही गोष्टी प्रत्येक व्यवहारात असतात.

मग माणसाच्या वेळेला माप नाही काय? ज्याला आपण 'बोलावले की ये' असे सांगून थांबवून ठेवतो, त्याच्या थांबण्याचे माप कोण धरतो? वाचकहो, आजच्या पाठात आपल्याला एवढाच एक प्रश्न शरीअतच्या प्रकाशात पाहायचा आहे.

आपल्या परिसरातील चित्र

नृसिंहवाडी हे कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे दत्तक्षेत्र. मार्गशीर्षात दत्तजयंतीला येथे यात्रेकरूंची रीघ लागते, त्याच दिवसांत शिरोळ तालुक्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो. वाडीच्या रस्त्यावरून एकीकडे भाविकांच्या गाड्या जातात, दुसरीकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या. या ट्रॉल्या भरणारी माणसे मराठवाड्यातून आणि अन्य दुष्काळी भागांतून आलेली असतात. शेताच्या कडेला पाचटाच्या खोपी घालून ती पाच-सहा महिने राहतात.

त्यांच्या कामाची रीत अशी. मुकादमाकडून हंगामापूर्वी 'उचल' घेतली जाते आणि ती तोडणीच्या मजुरीतून फेडायची असते. मजुरी टनावर मिळते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या. येथपर्यंत काम स्वतःच्या हातातले. पुढे मात्र सारे दुसऱ्याच्या हाती जाते. वाहन केव्हा येईल ते सांगता येत नाही. ते रात्री अकराला आले तर अकराला आणि पहाटे तीनला आले तर तीनला, मोळ्या डोक्यावर वाहून ते भरावेच लागते. कारखान्याच्या दारात वाहनांची रांग लागली, यंत्रात बिघाड झाला, अवकाळी पाऊस पडला, की टोळी बसून राहते. बसलेल्या दिवसाचे टन शून्य, म्हणून मजुरीही शून्य; पण बसलेल्या दिवशी दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीक नाही.

याच व्यवहारात 'खाडा' नावाची एक गोष्ट आहे. मजूर आजारी पडला वा अन्य कारणाने फडात आला नाही, तर अनेक ठिकाणी मुकादम त्या दिवसाचा खाडा धरतो आणि दंडाची रक्कम हिशेबातून कापतो. म्हणजे मजुरामुळे दिवस गेला तर त्याची किंमत आहे, आणि ती वसूल होते. मालकाच्या बाजूने दिवस गेला तर त्याच दिवसाला किंमत नाही. घेताना पुरे माप, देताना घटवलेले माप. अल-मुतफ्फिफीनच्या पहिल्या तीन आयतींचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या वाटाघाटींत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती आवश्यकच होती. परंतु टनाचा दर वाढला तरी शून्य टनाच्या दिवसाचा गुणाकार शून्यच राहतो. दराचा प्रश्न वेगळा आणि वाट पाहण्याचा प्रश्न वेगळा.

आणि हा प्रश्न केवळ उसाच्या फडातला नाही. लग्नसराईतला वाढपी, मंडपवाला पोरगा, बँडमधला वादक, इचलकरंजीच्या मागावर सूत संपले की बसून राहणारा कामगार, मोबाइलवर ऑर्डरची घंटा वाजण्याची वाट पाहत चौकात उभा असलेला दुचाकीस्वार, ही सर्व याच प्रश्नाची रूपे आहेत. यांपैकी काही जण आपल्या मोहल्ल्यातले मजूर आहेत, आणि काहींचे मालकही आपल्या मोहल्ल्यातलेच आहेत.

ह. मूसा (अ.) यांचा करार

मजुरीच्या कराराचा एक संपूर्ण नमुना कुरआनने आपल्यापुढे ठेवला आहे (सूरह अल-कसस, २८ : २६-२८). ह. मूसा (अ.) मिस्रमधून निघून मदयनला आले. तेथील एका वृद्ध सत्पुरुषाने त्यांना कामावर ठेवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यांच्या एका कन्येशी विवाह त्या कराराशी जोडला गेला. त्या संवादात चार गोष्टी आहेत. पहिली, मुदत निश्चित सांगितली : आठ वर्षे. दुसरी, त्यापुढची दोन वर्षे मूसा (अ.) यांच्या इच्छेवर सोडली; ती केली तर त्यांचा चांगुलपणा, न केली तर दोष नाही. तिसरी, मालकाने स्वतःहून ग्वाही दिली की, तुम्हाला अडचणीत टाकण्याचा माझा हेतू नाही. चौथी, मूसा (अ.) यांनीही अट स्पष्ट करून घेतली की, दोहोंपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी त्यानंतर माझ्यावर जबरदस्ती नको, आणि या बोलण्यावर अल्लाहला साक्षी ठेवले.

लक्षात घ्या, येथे कामावर ठेवून घेणारा सज्जन होता आणि कामावर राहणारा पुढे पैगंबर होणार होता. तरीही दोघांनी वेळेची बाब मोघम ठेवली नाही. 'तुम्ही घरचेच आहात, वेळेचे काय ते पाहू', असे कोणी म्हणाले नाही. चांगुलपणाच्या नावाखाली कराराचे शब्द टाळणे ही आपल्याकडची सवय आहे. पैगंबरांची रीत ती नव्हे. बंधनकारक काय आणि ऐच्छिक काय, ही रेषा आधीच ओढलेली असावी, हा या आयतींचा धडा आहे.

पैगंबर (स.) यांची शिकवण

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही ह. पैगंबर मुहम्मद (स.) यांची आज्ञा आपल्याला पाठ असते, ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून ती इब्ने माजा यांनी नोंदवली आहे. मजूर लावताना त्याला मजुरी आधी कळवावी, असे ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांचे कथन नसई यांच्या संग्रहात आहे. सहीह बुखारीत ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस तर अंगावर काटा आणणारी आहे. कियामतच्या दिवशी ज्या तिघांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील, त्यांत एक तो असेल ज्याने मजुराकडून काम पुरेपूर करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही. ज्या खटल्यात न्यायाधीशच फिर्यादी असेल, तेथे कोणता वकील कामी येणार?

आपण या हदीसचा अर्थ सहसा मजुरी बुडवणाऱ्यापुरता घेतो. पण 'पुरेपूर घेणे' आणि 'न देणे' यांचा विचार आपल्या प्रश्नाच्या संदर्भात करा. रात्री अकरापासून पहाटे तीनपर्यंत एका माणसाला जागे ठेवले, तर त्याची झोप घेतली, त्याच्या मुलांजवळची त्याची सोबत घेतली, दुसऱ्या दिवशीची त्याची ताकद घेतली. हे सारे घेतले आणि हिशेबात मात्र फक्त भरलेले टन मांडले. मग जे घेतले त्यातले किती परत दिले?

ह. अबू जर (रजि.) यांच्या हदीसमध्ये सेवकांना भाऊ म्हटले आहे, त्यांच्यावर शक्तीबाहेरचा भार टाकू नये आणि टाकलाच तर स्वतः हात लावावा, असे सांगितले आहे. शक्तीबाहेरचा भार केवळ वजनाचा नसतो. कोणत्या घटकेला हाक येईल याचा नेम नसणे, हाही एक भारच आहे. असा माणूस मुलाला दवाखान्यात नेण्याची वेळ ठरवू शकत नाही, जुमाच्या नमाजला निघताना त्याचा जीव थाऱ्यावर नसतो.

फिकह काय म्हणते?

फिकहच्या ग्रंथांत मजुराचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'अजीर मुश्तरक', म्हणजे अनेकांचे काम घेणारा कारागीर : शिंपी, धोबी, रंगारी. तो आपल्या वेळेचा धनी असतो. कपडा केव्हा शिवायचा ते तो ठरवतो, म्हणून त्याचा मोबदला काम पुरे झाल्यावर देय होतो. दुसरा 'अजीर खास', म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी एकाच मालकाच्या स्वाधीन असलेला नोकर. याच्याविषयी हनफी फिकहचा प्रसिद्ध ग्रंथ 'हिदाया' यात इमाम मरगीनानी (रह.) स्पष्ट सांगतात की, मुदतीत त्याने स्वतःला मालकाच्या स्वाधीन केले की तो मजुरीस पात्र झाला, मग प्रत्यक्ष काम झालेले नसले तरी. महिनाभर सेवेसाठी किंवा मेंढ्या राखण्यासाठी ठेवलेल्या माणसाचे उदाहरण ते देतात. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेच्या ४२५ व्या कलमातही हेच आहे : नोकर कामासाठी हजर आणि तयार असेल तर मजुरी देय, प्रत्यक्ष काम झालेच पाहिजे, अशी अट नाही. मात्र त्याने स्वतः काम नाकारले तर मजुरीचा हक्क उरत नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे या. ऊसतोड मजूर, वाढपी किंवा मोबाइलवर बोलावला जाणारा दुचाकीस्वार यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो? मालक म्हणतो, 'मी कामावर पैसे देतो, वेळेवर नाही. तो मुश्तरक आहे.' मग त्याला मुश्तरकाचे स्वातंत्र्य आहे काय? तो आज दुसऱ्याच्या फडात जाऊ शकतो काय? हाक आली असता 'उद्या येतो' म्हणू शकतो काय? म्हणू शकत असेल, आणि त्याबद्दल त्याला दंड होत नसेल, तर मालकाचे म्हणणे खरे. त्याला फक्त केलेल्या कामाचा मोबदला देय आहे. पण तो जाऊ शकत नसेल, नकार दिला तर खाडा पडत असेल किंवा पुढचे काम बंद होत असेल, तर त्याने स्वतःला स्वाधीन केलेले आहे. नाव मुश्तरकाचे असले तरी वास्तव खासचे आहे. करारात शब्दांपेक्षा हेतू आणि अर्थ पाहावा, हा मजल्लाच्या तिसऱ्या कलमातील नियम अशा वेळीच उपयोगी पडतो. 'भागीदार' म्हटल्याने मजूर भागीदार होत नाही.

जुन्या ग्रंथांत ऊसतोडीचे नाव नाही, हे उघड आहे. तेथे तत्त्व आहे आणि ते आपल्या काळाला लावून पाहायचे असते. तत्त्व असे की, लाभ ज्याचा, तोटाही त्याचाच. मजूर बांधलेला असण्याचा लाभ मालक घेत असेल, तर मजूर बसून राहण्याचा तोटा त्याने मजुराच्या माथी मारू नये. दोन्ही प्रकारांतले आपल्या सोयीचे अर्धे-अर्धे उचलणे हा करार नव्हे, ती मापातली तूट आहे.

आणखी दोन बाबी थोडक्यात. मजुरी किंवा मुदत मुळातच अज्ञात ठेवली, तर हनफी फुकहांच्या मते असा करार सदोष ठरतो. काम करून घेतले असेल तर मजुराला हात हलवत पाठवता येत नाही. त्या कामाची प्रचलित मजुरी विचारात घेऊन मोबदला द्यावाच लागतो. दुसरी बाब उचलीची. मजुरी आगाऊ देणे शरीअतमध्ये वैध आहे, ते गरजूच्या उपयोगीही पडते. परंतु उचल ही मजुरीची आगाऊ रक्कम आहे, माणसाची किंमत नव्हे. उचल दिली म्हणून प्रचलित दरापेक्षा कमी दर लावणे म्हणजे कर्जावर लाभ घेणे, आणि कर्जावरचा लाभ व्याजाच्या दारात नेऊन उभा करतो.

'पण यात माझा काय दोष?'

मालकांचा एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. पाऊस मी पाडला नाही, सूत मी अडवले नाही, लग्न मी मोडले नाही. मग बसलेल्या दिवसाचे मी का भरू? उत्तर असे की, धंद्यात चढउतार असतात आणि चढाचा नफा मालकाकडे जातो. ज्या दिवशी दुप्पट गिऱ्हाईक आले, त्या दिवशी मजुरी दुप्पट झाली नव्हती. म्हणून उताराचा सारा भार मजुरावर टाकणे न्याय्य नाही.

मात्र खऱ्या आपत्तीची गोष्ट वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने या भागातले जीवन ठप्प झाले. अशा वेळी मालकही बुडालेला असतो. हनफी फिकह सबळ कारणामुळे करार संपुष्टात आणण्यास वाव देते. पण मग मजुराला तसे स्पष्ट सांगून मोकळे करावे, म्हणजे तो अन्यत्र पोट भरू शकेल. त्याला सोडायचेही नाही आणि द्यायचेही नाही, हा तिसरा मार्ग मात्र शरीअतमध्ये नाही.

देशाच्या कायद्यातील साक्ष

हे तत्त्व अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्या देशाच्या कायद्याने ते केव्हाच स्वीकारले आहे. किमान वेतन कायदा, १९४८ च्या कलम १५ मध्ये, दिवसाच्या हिशेबाने लावलेल्या कामगाराला मालकाने पुरे तास काम दिले नाही तरी पूर्ण दिवसाचे वेतन देय ठरवले होते. मुख्य अपवाद असा, की कामगार स्वतः काम करण्यास राजी नसावा. वेतन संहिता, २०१९ मध्येही हेच तत्त्व कायम आहे. मजल्लाच्या ४२५ व्या कलमाशी हे किती जुळते, ते पाहा.

मुंबईच्या गोदीत एके काळी कामगार रोज सकाळी दारापाशी गोळा होत, टोळीवाला हवे तितके निवडी आणि बाकीचे रिकाम्या हातांनी परतत. १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला, त्याखालील योजनेत कामगारांची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले, आणि हजर राहूनही काम न मिळालेल्या दिवसाचा हजेरी भत्ता सुरू झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील हमाल-माथाडी कामगारांच्या लढ्यातून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला; त्यानेही एका मालकाशी न बांधलेल्या श्रमिकांची नोंदणी आणि मजुरी मंडळामार्फत आणली. बोलावण्यावर अवलंबून असलेल्या माणसाच्या जीवनाला शिस्त लावता येते, हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. मुस्लिम मालकाने कायद्याच्या धाकाने नव्हे, तर आखिरतच्या भीतीने याच्या पुढे असावे.

मजुराचीही अमानत आहे

न्यायाचा तराजू दोन पारड्यांचा असतो. ज्याने वेळ विकली, त्या वेळेत त्याने चुकारपणा केला तर तीही मापातली तूटच आहे. शब्द देऊन ऐनवेळी जास्त पैशांसाठी दुसरीकडे जाणे, उचल घेऊन पळून जाणे, ऊस नेण्यासाठी शेतकऱ्याची अडवणूक करून 'खुशाली' उकळणे, यांना गरिबीची सबब पुरत नाही. 'खुशाली' खुशीने दिलेली असेल तर ती भेट. अडवून घेतली तर ती हराम. पण हेही तितकेच खरे की, जेथे हक्काची मजुरी पुरी मिळत नाही, तेथे माणूस आडमार्गाने ती भरून काढू पाहतो. पहिली तूट बुजवली तर दुसरी आपोआप कमी होईल.

आरंभ आपल्या दारापासून

कारखान्याचा हिशेब आपण बदलू शकत नसू, पण आपल्या हाताखाली एक जरी माणूस असेल तर पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

१. काम, मजुरी आणि वेळ तिन्ही आधी सांगा. शक्य तर वहीत लिहा. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे.

२. उद्या काम आहे की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवा. नाही म्हणायला पैसे लागत नाहीत, आणि त्या एका शब्दाने माणूस दुसरे काम शोधायला मोकळा होतो.

३. बोलावून काम दिले नाही, तर त्या दिवसाचा मोबदला द्या. समारंभ ऐनवेळी रद्द झाल्यास वाढप्याला काय मिळेल, हे ठरवूनच बोलवा.

४. रात्रीचे आणि अवेळचे काम दिवसाच्या दरात धरू नका.

५. खाडा धरायचा असेल, तर तुमच्या बाजूने गेलेल्या दिवसाचाही खाडा स्वतःच्या नावावर धरा. एक माप दोघांना लावा.

६. जोडीने काम करणाऱ्या स्त्रीची मजुरी तिच्या हाती द्या. पुरुषांनी कमावले त्यात पुरुषांचा वाटा आणि स्त्रियांनी कमावले त्यात स्त्रियांचा, असे कुरआनने सांगितले आहे (४ : ३२). अर्धा कोयता तिचा आहे, तर अर्धा हिशेबही तिचाच आहे.

शेवटी एक गोष्ट मशिदींच्या विश्वस्तांसाठी. मुअज्जिन आणि खादिम पाच वेळा हजर असतात, आणि त्याखेरीज मय्यतीच्या गुसलपासून पाण्याच्या टाकीपर्यंत कोणत्याही घटकेला त्यांना हाक जाते. ते अल्लाहच्या घराचे सेवक आहेत, म्हणून त्यांची वेळ फुकट आहे, असा समज आपण कोठून घेतला? इमामत आणि कुरआनच्या शिक्षणाच्या मोबदल्याला नंतरच्या हनफी उलमांनी परवानगी दिली, ती या माणसांचे पोट चालावे आणि सेवा खंडित होऊ नये म्हणूनच. त्यांच्या कामाचे तास, आठवड्याची सुटी आणि वेतनाची तारीख ठरवून द्या. ज्या मशिदीच्या मिंबरवरून मजुराच्या घामाची हदीस सांगितली जाते, तिच्या हिशेबाच्या वहीतही ती दिसली पाहिजे.

आपल्या एखाद्या विशिष्ट व्यवहाराविषयी शंका असल्यास जाणकार मुफ्तींना विचारावे. परंतु बहुतेक वेळा मन स्वतःच उत्तर देते. ज्याला आपण थांबवून ठेवले आहे, त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहिले म्हणजे पुरे.

हे अल्लाह! आमच्या हातून कोणाच्याही वेळेचे माप घटू देऊ नकोस. ज्यांची मजुरी आमच्याकडे राहिली आहे, ती त्यांना जिवंतपणीच पोहोचवण्याची आम्हाला सद्बुद्धी दे, आणि तुझ्यासमोर आमच्याविरुद्ध कोणा मजुराची फिर्याद उभी राहू देऊ नकोस. आमीन.